अमेरिकेतली गरिबी, विषमता आणि पोलीस : एका उजव्या विचारांच्या नागरिकाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिझुरी राज्यात, सेंट लुई काउंटीत राहतो. छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि कर पाहणं हा माझा व्यवसाय आहे. अमेरिकेचा नागरिक झाल्यापासून बहुतेक वेळा रिपब्लिकन पक्षाला मत देत आलो आहे. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या घरी जेवणावळीत किंवा पुण्याहून भावंडांचा फोन आला की ठरावीक प्रश्न येतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे.

तुम्ही उजव्या विचारांचे. मग गरिबी आणि पोलिसी जुलूम हे विषय तुमचे कसे?

सरकारच्या हाती मर्यादित सत्ता असावी, हा माझ्या विचारांचा पाया आहे. आता सरकार सामान्य माणसाला भेटतं कुठे, ते पाहा. वॉशिंग्टनमध्ये नाही. मला ते वर्षातून एकदा, कराच्या अर्जावर भेटतं. उत्तर सेंट लुईत तासावर पगार घेणाऱ्या बाईला ते रस्त्यावर भेटतं. मागून पोलिसांच्या गाडीचे दिवे लागतात, हातात तिकीट (दंडाची पावती) पडतं, मग कोर्टाची तारीख येते. सरकारी सत्तेचा सर्वांत उघडा चेहरा म्हणजे कमरेला पिस्तूल लावलेला माणूस. त्या सत्तेला लगाम घालण्यासाठीच अमेरिकी राज्यघटनेत चौथी दुरुस्ती आहे, जी विनाकारण झडती आणि जप्ती रोखते. आठवी दुरुस्ती अवाजवी दंडाला मनाई करते. बंदुकीच्या हक्कासाठी आम्ही दुसऱ्या दुरुस्तीचा जप करतो. चौथी आणि आठवी त्याच कागदावर लिहिलेल्या आहेत.

अमेरिकेत गरीब म्हणजे किती आणि कोण?

जनगणना विभागाच्या हिशेबाने 2023 साली 3 कोटी 68 लाख लोक, म्हणजे 11.1 टक्के. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला साधारण 31 हजार डॉलर, ही गरिबीची रेषा. आपल्याकडचे लोक लगेच त्याचे रुपये करतात आणि म्हणतात, हे कसले गरीब! रुपये करू नका. घरभाडं डॉलरमध्ये द्यावं लागतं. आमच्या भागात बसगाड्या विरळ आहेत, गाडी नसेल तर नोकरी नाही. गाडी म्हटली की विमा आला, टायर आले, नोंदणी आली.

मला मात्र या रेषेपेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. अचानक 400 डॉलरचा खर्च आला तर तो रोखीने किंवा रोखीसारख्या साधनाने भागवू शकणार नाही, असं 37 टक्के प्रौढांनी 2023 साली फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, पाहणीत सांगितलं. उसनं घेतील, कार्डावर थकवतील, काहीतरी विकतील. हा आकडा डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

फर्ग्युसनमध्ये गोळीबार झाला होता एवढं माहीत आहे. त्याचा गरिबीशी काय संबंध?

सगळा संबंध तिथेच आहे. फर्ग्युसन आमच्याच काउंटीत आहे, जेमतेम 21 हजार वस्तीचं गाव. ऑगस्ट 2014 मध्ये तिथे 18 वर्षांचा एक काळा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला आणि गाव पेटलं. मार्च 2015 मध्ये फेडरल (केंद्र सरकारच्या) न्याय विभागाने दोन अहवाल काढले. एक त्या गोळीबाराचा. त्यात पोलिसावर खटला भरण्याजोगा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला आणि मला तो मान्य आहे. माझ्या पक्षातल्या बहुतेकांनी तेवढाच वाचला आणि विषय मिटवला.

दुसरा अहवाल त्या गावाच्या पोलीस खात्याचा आणि नगर न्यायालयाचा होता. तो मी हिशेबनिसाच्या नजरेने वाचला, आणि आजही कुणालाही तोच आधी वाचायला सांगतो. 2010 च्या आर्थिक वर्षात गावाच्या 1 कोटी 10 लाख डॉलरच्या सर्वसाधारण उत्पन्नात दंड आणि कोर्टाची फी 13 लाख 80 हजार होती. 2015 च्या अंदाजपत्रकात 1 कोटी 33 लाखांपैकी 30 लाख 90 हजार धरले होते. पाच वर्षांत दुपटीहून जास्त, आणि उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा! लोक अचानक बेदरकार झाले नव्हते. वर्षअखेरीपर्यंत तिकिटं वाढली नाहीत तर पुढच्या वर्षी वसुली वाढवणं जड जाईल, असं गावाचे वित्त अधिकारी पोलीसप्रमुखांना लेखी कळवत होते. अंदाजपत्रकात आधी रक्कम मांडायची आणि मग ती भरून काढायला पोलीस रस्त्यावर सोडायचे, याला कायदा-सुव्यवस्था म्हणत नाहीत. हा कर आहे. फरक एवढाच, की त्यावर कुणी मतदान केलेलं नसतं आणि तो ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याच्याकडून वसूल होतो.

त्या अहवालातली एक बाई मी विसरू शकत नाही. 2007 मध्ये तिने गाडी चुकीच्या जागी लावली. दोन तिकिटं मिळाली, 151 डॉलर आणि वर फी. तिच्याकडे पैसे नव्हते आणि अधूनमधून राहायला घरही नव्हतं. तारखा चुकल्या, प्रत्येक चुकलेल्या तारखेचा वेगळा गुन्हा आणि वेगळा दंड. अटक वॉरंट निघालं, सहा दिवस कोठडीत गेले. मधे तिने 25 आणि 50 डॉलरचे हप्ते पाठवले, तर कोर्टाने अर्धवट रक्कम म्हणून ते परत केले. 2014 च्या डिसेंबरपर्यंत तिने 550 डॉलर भरले होते आणि तरीही 541 डॉलर बाकी होते. सात वर्षं. चुकीच्या पार्किंगसाठी.

एकट्या 2013 सालात त्या कोर्टाने 9 हजारांहून जास्त वॉरंट काढली, आणि त्यांतली बहुतेक पार्किंग, वाहतूक किंवा घराच्या आवारासंबंधीच्या किरकोळ नियमांची.

पण हा प्रकार एका गावापुरता असेल ना?

नाही. आमच्या काउंटीत जवळपास 90 नगरपालिका आहेत. काहींची वस्ती काही शेकड्यांत मावते, तरी महापौर आहे, कोर्ट आहे, पोलीस आहेत. मोठी दुकानं नसली की विक्रीकर नाही. घरांच्या किमती पडलेल्या, म्हणून मालमत्ता करही तुटपुंजा. उरतो रस्ता. एकाच रस्त्यावरून दहा मिनिटं गाडी चालवली तर चार हद्दी ओलांडल्या जातात, आणि मागचा एक दिवा बंद असेल तर चारही ठिकाणी तिकीट मिळू शकतं. इतकी छोटी सरकारं ठेवायचीच कशाला, हा प्रश्न इथल्या उजव्यांनीच विचारायला हवा होता.

2015 मध्ये मिझुरीच्या विधिमंडळाने कायदा केला. तो मांडणारे रिपब्लिकन होते, एरिक श्मिट. ते आज अमेरिकेच्या सिनेटमध्ये आहेत. किरकोळ वाहतूक दंडातून गावाने एकूण उत्पन्नाच्या 20 टक्क्यांवर जाऊ नये आणि सेंट लुई काउंटीत साडेबारा टक्क्यांवर, अशी मर्यादा घातली गेली. आमच्यापुरती वेगळी मर्यादा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये रद्द केली, त्यामुळे आता सगळीकडे 20 टक्के आहेत. माझ्या मते तेही जास्तच. दंडाचा पैसा गावाच्या तिजोरीत जाऊच नये. राज्यभरच्या शाळांना द्या किंवा आणखी कुठे द्या, पण जो तिकीट फाडतो त्याचा पगार त्या तिकिटातून निघता कामा नये.

नियम मोडू नका, दंड होणार नाही. इतकं साधं नाही का?

नियम मोडला तर दंड व्हावा, याबद्दल माझं दुमत नाही. मलाही वेगाचं तिकीट मिळालं आहे. मी त्याच संध्याकाळी पैसे भरले आणि विसरलो. ज्याला 400 डॉलर उभे करता येत नाहीत, त्याचं तेच तिकीट पुढे परवाना रद्द होण्यापर्यंत जातं. परवाना गेला तरी कामावर जायला गाडी काढावीच लागते, म्हणजे दुसरा गुन्हा, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा. एकाच चुकीची एकाला किंमत एक संध्याकाळ आणि दुसऱ्याला नोकरी, हा समान न्याय नव्हे.

आणि कायदा काय म्हणतो? माणूस खरोखर भरू शकत नाही की भरायचं टाळतो आहे, याची चौकशी केल्याशिवाय दंड थकला म्हणून त्याला तुरुंगात टाकता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये ‘बिअर्डन विरुद्ध जॉर्जिया’ खटल्यात सांगून ठेवलं आहे. म्हणजे फर्ग्युसनमध्ये कायदा मोडणाऱ्यांत कोर्टसुद्धा होतं.

पोलीस पैसे आणि गाड्या जप्त करतात असं ऐकतो. ते गुन्हा सिद्ध झाल्यावर ना?

अनेक राज्यांत नाही. खटला माणसावर नसतो, वस्तूवर असतो. तुमच्या गाडीत सापडलेली रोकड अमली पदार्थांच्या व्यवहारातली आहे असा संशय आला तर ती जप्त होऊ शकते, आणि सोडवायला वकील तुम्हाला लावावा लागतो. रक्कम दोन हजार डॉलर असेल आणि वकील तीन हजार मागत असेल, तर गरीब माणूस घरी बसतो. 1984 च्या फेडरल कायद्याने जप्तीतला वाटा पोलीस खात्यांकडे वळवला आणि तेव्हापासून ही चटक लागली.

इंडियाना राज्यात एका माणसाने वडिलांच्या विम्याच्या पैशातून 42 हजार डॉलरची गाडी घेतली होती. थोडा अमली पदार्थ विकताना तो पकडला गेला, गुन्हा कबूल केला. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड 10 हजार डॉलर. राज्याने चौपट किमतीची गाडी जप्त केली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊच्या नऊ न्यायमूर्तींच्या एकमताने निकाल दिला, की अवाजवी दंडाची बंदी राज्यांनाही लागू आहे. ‘टिंब्ज विरुद्ध इंडियाना’ नावाचा हा निकाल डाव्या विचारांच्या न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांनी लिहिला आणि उजव्या विचारांचे क्लॅरेन्स थॉमस यांनी वेगळ्या तर्काने त्याला साथ दिली. डावं-उजवं बाजूला पडलं. न्यू मेक्सिकोने 2015 मध्येच, रिपब्लिकन गव्हर्नर सुझाना मार्टिनेझ यांच्या सहीने, दोषसिद्धीशिवायची जप्ती बंद केली होती. उरलेल्या राज्यांनी तेच करावं.

म्हणजे पोलिसांचा निधी कापण्याला तुमचा पाठिंबा?

अजिबात नाही. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइडला मिनिआपोलिसच्या पोलिसाने मानेवर गुडघा दाबून मारलं. तो खून होता आणि ज्युरीने तसंच ठरवलं. पण त्यानंतर पोलीसच नकोत ही जी घोषणा निघाली, ती सुरक्षित वस्त्यांत राहणाऱ्यांना परवडणारी होती. त्या वर्षी देशात खून सुमारे 30 टक्क्यांनी वाढले. बळींमध्ये निम्म्याहून जास्त काळे लोक होते आणि लोकसंख्येत त्यांचं प्रमाण आहे साधारण 13 टक्के. त्याच उन्हाळ्यात गॅलप या जनमत चाचणी संस्थेने विचारलं, तर 81 टक्के काळ्या नागरिकांनी आपल्या वस्तीत पोलीस आहेत तितके किंवा त्याहून जास्त हवेत असं सांगितलं. 2021 मध्ये खुद्द मिनिआपोलिसच्या मतदारांनी पोलीस खातं मोडून दुसरं खातं आणण्याचा प्रस्ताव फेटाळला.

माझी तक्रार वेगळी आहे. गरीब वस्तीला पोलीस नको तिथे भरपूर मिळतात आणि हवे तिथे मिळत नाहीत. बंद दिव्यासाठी गाडी लगेच थांबवली जाते. पण 2022 मध्ये या देशात जेमतेम निम्म्या खुनांचा छडा लागला. मुलगा गेलेल्या आईकडे वर्षभर कुणी फिरकत नाही आणि त्याच गल्लीत पार्किंगचं वॉरंट घेऊन माणूस हजर होतो. मग तिथले लोक साक्ष द्यायला पुढे का येतील? साक्षीदार नाही म्हणून खुनी मोकळा राहतो, आणि खुनी मोकळा म्हणून दुकान बंद होतं, नोकरी दुसऱ्या गावी जाते. गरिबी आणि पोलीस हे दोन विषय मी एकत्र का धरतो, ते यावरून कळावं.

पोलिसांच्या वागण्यात वर्णभेद आहे असं तुम्ही मानता?

हो. प्रत्येक आकड्यातली तफावत भेदभावामुळेच असते असं नाही. वय, वस्ती, गुन्ह्यांचं प्रमाण, सगळं पाहावं लागतं. पण फर्ग्युसनमध्ये काळ्या चालकांची झडती गोऱ्या चालकांच्या दुपटीहून जास्त वेळा व्हायची आणि त्यांच्याकडे काही सापडण्याचं प्रमाण मात्र 26 टक्क्यांनी कमी होतं. यावर दुसरं स्पष्टीकरण मला सुचत नाही.

दक्षिण कॅरोलायनाचे रिपब्लिकन सिनेटर टिम स्कॉट यांनी जुलै 2016 मध्ये सिनेटच्या सभागृहात उभं राहून सांगितलं, की लोकप्रतिनिधी असताना एकाच वर्षात पोलिसांनी त्यांना सात वेळा अडवलं. ते आमच्याच पक्षाचे, आमच्याच विचारांचे. त्या भाषणाच्या आधीच्याच आठवड्यात मिनेसोटात शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारा एक काळा तरुण गाडीत मारला गेला. त्याच्याकडे बंदुकीचा रीतसर परवाना होता आणि बंदूक जवळ असल्याचं त्याने स्वतःहून सांगितलं होतं. त्याआधीच्या वर्षांत त्याला चाळीसहून जास्त वेळा रस्त्यावर थांबवलं गेलं होतं, बहुतेकदा क्षुल्लक कारणांनी. परवानाधारक नागरिक बंदूक बाळगल्यामुळे मरतो आणि बंदुकीच्या हक्काचे कैवारी गप्प राहतात, हे मला तेव्हाही सहन झालं नाही आणि आजही होत नाही.

आपल्या भारतीय लोकांना यातलं काही होत नाही. मग आपण कशाला पडायचं?

फेब्रुवारी 2015. अलाबामातलं मॅडिसन. गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले एक आजोबा सकाळी मुलाच्या घरासमोरच्या रस्त्यावर चालत होते. इंग्रजी येत नव्हतं. अनोळखी काळा माणूस फिरतो आहे असा कुणीतरी फोन केला होता. पोलिसाने त्यांना जमिनीवर असं आदळलं की मणक्याला मार लागून अंगाला अंशतः लकवा झाला. गव्हर्नरांनी भारत सरकारकडे माफी मागितली, पण फौजदारी खटल्यात पोलीस सुटला. आपले आईवडीलही सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात आणि सकाळी फिरायला बाहेर पडतात.

दोषी पोलिसावर नागरिक दिवाणी दावा लावू शकत नाही का?

लावू शकतो, पण ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ नावाचं न्यायालयांनीच घडवलेलं कवच आड येतं. तंतोतंत तशाच घटनेत आधी कुठल्या तरी कोर्टाने हक्कभंग ठरवला नसेल, तर दावा बहुधा तिथेच संपतो. संसदेने केलेल्या कायद्यात हे कवच शोधून सापडत नाही, म्हणून न्यायमूर्ती थॉमस आणि ट्रम्प यांनी नेमलेले न्यायाधीश डॉन विलेट यांनीही त्यावर प्रश्न उभे केले आहेत.

पोलिसांचं दुसरं कवच म्हणजे त्यांच्या संघटना. शिक्षकांच्या संघटना शाळा बिघडवतात असं आम्ही म्हणतो. 2011 मध्ये विस्कॉन्सिनच्या रिपब्लिकन सरकारने सरकारी कर्मचाऱ्यांचे सामूहिक कराराचे बहुतेक हक्क काढून घेतले, पण पोलीस आणि अग्निशमन दलाला वगळलं. नालायक शिक्षकाला काढता यावं आणि नालायक पोलिसाला काढता येऊ नये, याला तत्त्व म्हणता येणार नाही.

श्रीमंत-गरीब दरीचं तुम्हाला काहीच वाटत नाही?

कुणीतरी प्रचंड श्रीमंत आहे याचा मला त्रास नाही. खालच्याला वर चढता येत नाही, याचा होतो. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की 1940 मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के मुलांनी आईवडिलांपेक्षा जास्त कमावलं. 1980 मध्ये जन्मलेल्यांत हे प्रमाण सुमारे 50 टक्क्यांवर आलं. बाजारपेठेवर विश्वास ठेवणाऱ्याने या आकड्याने बेचैन व्हायला हवं.

अडथळे पुष्कळदा सरकारनेच उभे केलेले असतात. 1930 च्या दशकात फेडरल यंत्रणेनेच शहरांचे नकाशे रंगवून काळ्यांच्या वस्त्या कर्जासाठी धोकादायक ठरवल्या. आजही स्वतंत्र बंगल्याशिवाय काही बांधायचं नाही अशा नियमांमुळे स्वस्त घरं उभी राहत नाहीत. मोंटाना या रिपब्लिकन राज्याने 2023 मध्ये हे नियम सैल केले, ते मला फार आवडलं. आमच्या मिझुरीत तर आफ्रिकी पद्धतीच्या वेण्या घालून पोट भरणाऱ्या बायकांना 1,500 तासांचा सौंदर्यप्रसाधनाचा अभ्यासक्रम सक्तीचा होता, आणि त्यात वेण्यांबद्दल जवळपास काहीच शिकवत नसत! 2018 मध्ये ती सक्ती गेली.

मग सरकारी मदत बंद करावी?

नाही. कष्ट करणाऱ्याच्या हातात पैसा पडावा अशी मदत हवी. कमी पगाराच्या कामगारांना करातून परतावा देणारी योजना 1975 मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने सुरू झाली आणि रेगन यांनी ती वाढवली. बचतीला आणि लग्नाला शिक्षा करणारी मदत मात्र बदला. अपंग आणि वृद्धांच्या एका फेडरल भत्त्यासाठी एकट्या माणसाकडे 2,000 डॉलरहून जास्त शिल्लक चालत नाही. ही मर्यादा 1989 पासून तशीच आहे. जोडप्याला 3,000. म्हणजे दोघांनी लग्न केलं की हजार डॉलरची मुभा जाते. आम्ही व्यासपीठावर कुटुंब आणि काटकसरीचे गोडवे गातो, आणि कायदा अपंगांना सांगतो की लग्न करू नका, साठवू नका. हे बदलायला क्रांती लागत नाही.

तुमच्या पक्षात हे कुणी ऐकतं का?

ऐकतात, पण सातत्य नाही. टेक्ससने 2007 मध्ये दोन अब्ज डॉलरचे नवे तुरुंग बांधण्याऐवजी 24 कोटी 10 लाख डॉलर व्यसनमुक्ती आणि देखरेखीवर लावले. पुढे तिथे तुरुंग बंद करता आले आणि गुन्हेगारीही उतरली. 2018 मध्ये ट्रम्प यांनी सही केलेला कैद्यांच्या शिक्षा सौम्य करणारा कायदा सिनेटमध्ये 87 विरुद्ध 12 मतांनी संमत झाला. 2020 मध्ये टिम स्कॉट यांनी मांडलेलं पोलीस सुधारणांचं विधेयक मात्र डेमोक्रॅट्सनी सिनेटमध्ये अडवलं आणि पुढच्या वर्षीच्या वाटाघाटीही फिसकटल्या. दोन्ही पक्षांनी त्यातून आपापला प्रचार साधला.

साध्या नागरिकाने काय करावं?

नगरपालिकेच्या निवडणुकीत मत द्या. फर्ग्युसनमध्ये 2013 च्या एप्रिलमध्ये जेमतेम 12 टक्के मतदान झालं होतं. 2015 मध्ये ते दुपटीहून वर गेलं आणि नगर परिषदेचा चेहरा बदलला. तुमच्या गावाचं अंदाजपत्रक संकेतस्थळावर मिळतं. त्यात ‘दंड आणि कोर्ट शुल्क’ ही ओळ शोधा आणि पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. आकडा चढत असेल तर परिषदेच्या बैठकीत जा. नागरिकांना बोलायला साधारण तीन मिनिटं देतात. ही रक्कम आधी ठरवली की नंतर जमली, थकबाकीसाठी गेल्या वर्षी किती वॉरंट निघाली आणि त्याच वर्षी किती खुनांचा व घरफोड्यांचा तपास पूर्ण झाला, एवढंच विचारा आणि उत्तर लेखी मागा.